आमचे हे गेले

चि. खटपट्या यास,

मावशीचे भरघोस आशीर्वाद. पाठ कशी आहे तुझी? खुर्चीत पोक काढून बसू नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. (हे मुद्दाम लिहितेय, का ते कळेलच.)

माझ्या ब्लॉगची लिंक कुणाला पाठवली की नुसती निळी ओळ दिसायची, म्हणून तू ती आपोआप चित्र बनवणारी सोय करून दिलीस. लेख टाकला की त्यातला फोटो आणि मोठ्ठ्या अक्षरांत शीर्षक तयार! काय ऐट आली रे माझ्या लिखाणाला! परवा मी लेख लिहिला, "आमचे हे गेले महिनाभर भांडी घासताहेत". कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि आंघोळीला गेले. पण तुझ्या चित्रात शीर्षक काही पुरतं मावलं नाही. तू निवडलेल्या काळ्याकुट्ट (भारदस्त म्हणाला होतास ना?) पार्श्वभूमीवर ह्यांचा गोल, हसरा फोटो आणि खाली तीनच शब्द : "आमचे हे गेले".

केस पुसत बाहेर येते तो बेल वाजली. दारात ह्यांचे थोरले भाऊ! पुस्तकांच्या कपाटावरून बिनसल्यापासून कित्येक वर्षं त्यांनी आमचा उंबरठा ओलांडला नव्हता. "शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही गं," म्हणत ते सोफ्यावर कोसळले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मला वाटलं जाऊबाईंचंच काही बरंवाईट झालं, म्हणून मीही गळा काढला. तेवढ्यात हे केस कापून परतले. आमचा अवतार पाहून दारातच थबकले.

"दादा, कोण गेलं?"

"तू!" भाऊजी ओरडले. मग उठून ह्यांच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवत म्हणाले, "मेल्या, जिवंत आहेस होय!"

त्यानंतर दोघं गळ्यात गळे घालून आधी रडले, मग पोट धरून हसले, आणि दिवे लागेपर्यंत बाल्कनीत बसून राहिले. कपाटाचं नावही निघालं नाही. जाताना भाऊजींनी बजावलं, "रविवारी आमच्याकडे या, दोघंही." हे रात्री जेवताना मधेच थांबून म्हणाले, "दादा म्हातारा झाला गं." डोळे भरले होते. बाळा, ह्यांना भाऊ परत मिळाला तो तुझ्यामुळे. तुझे उपकार कसे फेडू?

तुझी,
मावशी

ता. क. : पूर्ण शीर्षक मावेल अशी दुरुस्ती तेवढी कर. सांत्वनाचे फोन अजून येताहेत आणि ते हेच उचलताहेत.

ता. ता. क. : पण एवढ्यात नको. तुझी आई रुसून बसलीय, माझा फोन घेत नाही. उद्याच्या लेखाचं शीर्षक आहे, "ताई, मी गेले कित्येक महिने तुझी वाट बघतेय". चित्र येईल तेव्हा तिच्या शेजारी बस. तिला बीपी आहे.