सोबतच्या डायव्हरची सही

पोंभुर्णा, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापूनच आहे. माझं डायव्हिंगचं कार्ड एका संस्थेचं, अन् बचाव पथकाले पायजे दुसऱ्या संस्थेचं. ते बदलून घ्यायले आज लॉगबुक, म्हंजे डाइव्हच्या नोंदीची वही घेऊन नागपूरच्या डायव्हिंग सरकडे गेली. मालवणचे सगळे डाइव्ह त्यानं मोजले. मंग गडचांदूरकडच्या जुन्या खदानीचं पान आलं, अन् सहीच्या जागी मारलेल्या निळ्या अंगठ्यावर बोट ठेवून हसला.

"मॅडम, हे काय? इथं सोबतच्या डायव्हरची सही लागते. पाण्यात सोबत कोण होतं?"

हसला काऊन? तो अंगठा एका मायचा आहे. तिची पोर त्या खदानीत बुडून मेली होती. काठावर पोहणारे गडी उभे होते, पण मायनं कोणाले उतरू देलं नाई. "माह्या पोरीले बाईच हात लावन," म्हणे. मंग मी एकटीच उतरली, कमरेले दोरी बांधून. पाणी असं गढूळ का हातातला टॉर्च दिसे ना. नंतर वहीत सहीची जागा रिकामी पाहून मायनं पोलिस पाटलाच्या शाईत बोट बुडवलं अन् स्वतःच अंगठा मारला.

अन् हा सर म्हणते, ते पान काढून टाका, त्याच्या बदल्यात स्विमिंग पुलात दोन डाइव्ह करा, मी सही देतो. पुलात! मी वही उचलली अन् निघून आली.

पान नाई काढत मी. खड्ड्यात गेलं ते कार्ड. सोबत कोण होतं म्हणे! वर येताना होती ना त्या मायची पोर, माह्या कवेत. तिची सही कुठून आणू?