दगडावरचा देवरुखकर

सनीव्हेल

चि. सुशांत,

सोनं शोधायला कॅलिफोर्नियात आलेल्या कुणा देवरुखकराचं थडगं सापडलं, तेव्हा "काकू, आपले पायोनियर!" म्हणून फोनवर केवढा ओरडलास! माझी जीभच रेटेना. म्हणून लिहितेय, पण पाकीट बंद करवत नाही.

मनात पाल चुकचुकतेय रे. तो वारला अठराशे बावन्नात. आपण तर तेव्हा जोशी होतो. देवरुख सोडून पुण्यात आल्यावर तुझ्या पणजोबांनी हे आडनाव लावलं. गावात राहून कोण देवरुखकर म्हणवतो? गाव सोडलेला हा दुसराच कुणीतरी असणार.

शनिवारी त्या दगडावर आपल्या सगळ्यांची नावं कोरून घेणार आहेस. उद्या त्याची खरी माणसं त्याला शोधत आली, तर आपली नावं वाचून बिचारी परत फिरतील ना?

तुझीच,
शैलजाकाकू