बेंझिनविना उजेड

३ फेब्रुवारी, मंगळ.
केतकीचं पाणी आज अंधाऱ्या खोलीत, अतिनील दिव्याखाली, निळं चमकलं. म्हणजे पाण्यात विरघळवलेला तिचा रेणू. त्यात बेंझिनचं कडं एकही नाही. एरवी असले रेणू कड्यांच्या जिवावर चमकतात, आणि बरेचसे पाण्यात पडले की विझतात. हा विझला नाही. तिची पीएच.डी. याच एका गोष्टीवर अडलेली. सबनीससाहेबांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, परळच्या लॅबभर पेढे वाटले. मी खाल्ला. विश्वास ठेवला नाही.

५ फेब्रु., गुरु.
साहेब म्हणतात, तू तपासून सही कर, महिनाअखेर पेपर पाठवू. घाई का? निवृत्ती जवळ आली की माणसाला सगळंच चमकताना दिसतं. साध्या पाण्याची नळी काळीकुट्ट, रेणूची निळी. इतकं सरळ उत्तर रसायनशास्त्र देत नाही. आमच्या गिरगावच्या सोसायटीची कमिटीही देत नाही.

६, शुक्र.
सापडलं. बहुधा.
के. बाटल्या धुते आणि आतून अ‍ॅप्रनच्या टोकाने कोरड्या करते. अ‍ॅप्रन लालबागला तिची आई धुते, जाहिरातीतल्यासारखा पांढरा. तो पांढरेपणा म्हणजे कपड्याच्या पावडरीतला चमकणारा रंग, कड्यांनी गच्च भरलेला. तोच बाटलीला लागला आणि रेणूच्या पाण्यात उतरला. के.ला त्याच दिव्याखाली उभं केलं. अ‍ॅप्रन भुतासारखा निळा. साध्या पाण्याची नळी नवी कोरी, न पुसलेली, म्हणून काळी. पोरीच्या तोंडाकडे बघवेना. म्हणाली, "आईला सांगू नका हं, सर." तिच्या आईला मी ओळखतही नाही.

९, सोम.
नव्या बाटल्या, अ‍ॅप्रन दाराबाहेर. तरी चमकलं. मंद, हिरवट. म्हणजे निळा उजेड आईचा आणि हिरवट रेणूचा? की हा आणखी कुणाचा तरी...
साहेबांना सांगितलं. "कमी का असेना, आहे ना?" पेपर तोच, फक्त त्यातला 'तेजस्वी' काढायचा, म्हणे.

११, बुध.
के.कडून पुन्हा करून घेतलं. मग पुन्हा. दरवेळी हिरवट. दरवेळी मी नवं खुसपट काढलं: पाणी, बाटलीचं झाकण, हातमोजे. शेवटी तिने मोजे काढून टेबलावर ठेवले.
"सर, खरं सांगा. ते चमकतंय याचा संशय आहे, की मी चमकवलंय याचा?"
मी उठून पाणी प्यायलो.

१३, शुक्र.
के. म्हणते, आता तुम्हीच बनवा, अगदी पहिल्यापासून, माझा हातच नको. माझ्या सहीशिवाय पेपर जाणार नाही हे तिला ठाऊक. साहेब मान हलवून मोकळे. कबूल केलं, सोमवारी सुरू.
चमकलं तर ती डॉक्टर. पण मी गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांवर शेरे मारतोय, स्वतः फ्लास्क धरलेला नाही. नाहीच चमकलं, तर तिचा रेणू खोटा की माझा हात कच्चा? ठरवणार परत मीच. आणि या माणसावर माझा काडीचा भरवसा नाही.