डाव्या बाजूचं सोनं

बाबा, तुमची गाडी अजून आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही निवांत वाचाल. तुम्हाला जाऊन एक तप उलटून गेलं, तरी सिंदी मेघेतल्या आपल्या घरासमोर, तुम्हीच घातलेल्या टिनाच्या शेडखाली ती उभी असते. रंग उडालाय, पण चाबी फिरवली की अजून एका दमात बोलते. तिचं दुखणं वेगळंच निघालं. डाव्या बाजूच्या मडगार्डवर, खालच्या कडेला, रंगाला पापडासारखे फोड आले. नालवाडीच्या मिस्त्रीने ते घासले, पुट्टी भरली, वर रंग मारला. गाडी नवरीसारखी सजून घरी आली आणि पुढच्या पावसाळ्यानंतर फोड पुन्हा त्याच जागी हजर. दुसऱ्या खेपेला आई बसते त्या डाव्या सीटपुढचा, पाय ठेवायचा पत्राच सडला होता. त्याने तेवढा तुकडा कापून नवीन जोडून दिला. तोही टिकला नाही. तिसऱ्यांदा नेली तेव्हा मिस्त्रीने पेचकसाचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आरपार गेलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांकडे पाहतो.

"ताई, याले जंग आतून खाऊन राह्यला. एक डाव करून देतो, पण पुन्हा सडला तं माह्याकडे आणू नका, कबाडीले देऊन टाका. जोडाले धड पत्राच नाई उरत."

आणि नेमकी त्याच वेळी तुमच्या नातीला आर्वीच्या शाळेत नोकरी लागली होती. विज्ञानच शिकवते, तुमच्यासारखी. एसटी आहे, मैत्रिणींच्या गाड्या आहेत, पण हिचं एकच पालुपद: जाईन तर आजोबांच्या गाडीनेच. तुमच्या मांडीवर बसून जी हॉर्न वाजवायची, तिला दुसरी गाडी गाडी वाटतच नाही. मी चिडले. आधीच नवऱ्यामागे घर एकटीने ओढलेलं, त्यात या भंगाराचे लाड कोण करणार, असं बरंच काही बोलले. पण खरं सांगू का, ती गाडी शेडखालून कायमची जाणं मलाच नको होतं. म्हणून मिस्त्रीला म्हटलं, थांब, अजून कापू नकोस.

मला आपल्या स्वयंपाकघराची भिंत आठवली. मी नववी-दहावीत असेन. ओट्यामागच्या भिंतीला ओल येते, पोपडे निघतात. दिवाळी तोंडावर आलेली, म्हणून मी आणि आई मिळून त्या डागावर चुना मारतो आणि वर कॅलेंडर टांगतो. तुम्ही शाळेतून येता, कॅलेंडर जागेवर नाही हे बघता, ते उचलता आणि हसण्याऐवजी माझ्यावर बिघडता. "डाग झाकून काऊन राह्यली? डाग म्हणजे पाणी नाई. पाणी कुठून येते ते पाह्य." मग धोतर खोचून तुम्ही गच्चीवर चढता. पन्हाळीच्या तोंडाशी चिमणीचं घरटं अडकलेलं असतं. ते काढून, पुन्हा कचरा जाऊ नये म्हणून, तुम्ही त्या तोंडावर आईची चहाची गाळणी उलटी बसवता. भिंत सुकली. गाळणीवरून मात्र आईने आठवडाभर तुम्हाला भुकटीसकट चहा पाजला.

तर बाबा, मी पाणी शोधायला निघाले. मिस्त्रीच्या दारात तांब्या घेऊन उभी राहिले. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते ना, तिच्यात उजव्या बाजूने पाणी ओतलं. ते चाकामागून सरळ खाली जमिनीवर पडलं. मग डावीकडे ओतलं. जमीन कोरडी. दुसरा तांब्या ओतला, तरी कोरडी. मिस्त्री आत वाकला आणि म्हणाला, "ताई, हे तं आत येऊन राह्यलं." आईच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी थेंब थेंब पडत होतं. पाण्याची वाटच कुठेतरी बुजली होती. म्हणजे आम्ही दोनदा डागच रंगवला होता. मी मिस्त्रीला पूर्ण मडगार्ड खोलायला लावलं.

आत ओल्या, काळ्या मातीचा गोळा दाटून बसला होता. मिस्त्रीने तो खरवडून माझ्यापुढे पेपरवर ठेवला. चिखल म्हणावा तर वास शेणखताचा. मी बोटाने उकलला. त्यात तांदळाचे दाणे होते, झेंडूची सुकी बुडखी होती आणि वरच्या थरात पानं होती, अजून ओळखू येणारी. मधून दुभंगलेली, जोडपानं. आपट्याची.

दसऱ्याला तुम्ही गाडी धुवायचात, हळद-कुंकू लावायचात, अक्षता टाकायचात. मग सगळ्यांना सोनं देऊन झालं की शेवटचं सोनं गाडीला. "हिलेही देऊ दे. वर्षभर आपल्याले नेते-आणते." दरवर्षी तेवढंच बोलायचात आणि पानं त्या जाळीत खोचायचात. नेहमी डावीकडे. का, असं मी विचारलं तर मान वळवून म्हणायचात, "तुह्या आईची बाजू हाये ते." तुमच्यानंतर मीही खोचत आले, त्याच जागी. पानं वाळून, चुरा होऊन आत पडत राहिली आणि पाणी अडवत राहिली. जगाला पाणी शोधायला सांगणाऱ्या विज्ञानाच्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने वाट बुजवली होती, आणि पाणी सोडलं ते बायकोच्याच पायांवर. मी तिथेच, मिस्त्रीच्या त्या तेलकट बाकड्यावर बसून हसले आणि मग मला रडूही आलं. इतकं आठवलात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हातही थांबला नाही तिचा.

"मले काय सांगतं. पावसात माहे पाय ओलेच राहत. मी पिशवी घालून बसो खाली."

"मग बाबांना बोलली का नाहीस?"

"सांगतलं असतं तं त्यायनं गाडी इकली असती. मग मले कोण फिरवलं असतं?" आणि देठ मोडता मोडता, "अन् सोनं ठेवणंबी सोडलं असतं."

मग मात्र काम मनासारखं झालं. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. नवा जोडला, सांधा भरला, आतून-बाहेरून प्रायमर दिलं, मग रंग. वाट मोकळी करून पुन्हा तांब्या ओतला, तर पाणी चाकामागून असं खळाळून पडलं, की मिस्त्रीने दुसऱ्यांदा ओतायला लावलं, नुसतं बघायला. आणि वायपरखालच्या जाळीच्या आत मी बारीक स्टीलची जाळी बसवून घेतली. मिस्त्री म्हणाला, ही कुठली आयडिया? मी म्हटलं, चहाच्या गाळणीची.

हा पावसाळा तुमच्या नातीने त्याच गाडीतून आर्वीला जा-ये करून काढला. झोडपून पाऊस झाला त्या दिवशी तिने शाळेतून फोन केला. "आई, खाली हात लावून पाह्यला. ठणठणीत कोरडं हाये." मी कचेरीत होते. फाईल बंद करून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

परवा दसरा झाला. नातीने सकाळीच मला आणि आईला तंबी दिली, सोनं डॅशबोर्डवर, जाळीत कोणी खोचायचं नाही, रोज वरचा कचरा झटकायचा. शास्त्रशुद्ध. आम्ही माना डोलावल्या. संध्याकाळी सगळ्या आत गेल्यावर मी शेडकडे गेले आणि एक पान डाव्या बाजूला ठेवलं. एकच. सकाळी काढायला गेले, तर तिथे तीन होती.

ही चिठ्ठी टाकायची कुठे ते मला ठाऊक नाही, तेव्हा ती माझ्याचजवळ राहील. पानं मी काढली, बाबा, जाळी पुसून घेतली. पण लगेच नाही काढली.