उजवा रकाना

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी नेमाने. बी.एड.चा अंतिम पाठ २८ तारखेला. आठवीचा वर्ग, भूगोल, 'वातावरणाचे थर', पस्तीस मिनिटं. साठापैकी तीस गुण मिळाले की झालं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्यात, पास झालात तर नव्या सत्रापासून भूगोलाची जागा तुमची, नाहीतर पोनीची. पोनी म्हणजे आमच्या तुकडीतली पोनीटेलवाली. वय तेवीस. मला काकू म्हणते. मी चोपन्न. काळजीचं कारण नाही.

५ फेब्रुवारी
सराव पाठ झाला. वर्ग इतका शांत की टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आमच्या कॉन्व्हेंटात भूगोल शिकवणाऱ्या सिस्टरच्या वर्गात असंच असायचं. नववीत एकदा सिस्टरना ताप होता, तेव्हा त्यांनी त्यांचा खडू माझ्या हातात दिला होता. दहा मिनिटं. तीन घरं बदलली, पण तो तुकडा अजून माझ्याजवळ आहे.
मुख्याध्यापिकाबाईंचा शेरा: 'मुलांना बोलू द्या.' सगळ्यांच्याच वहीत तो लिहीत असाव्यात. पोनीची वही पाहिली. तिच्या वहीत नाही.

९ फेब्रुवारी
उपाय सापडला. पाठाच्या टाचणात दोन रकाने असतात. डाव्यात शिक्षकाने काय बोलायचं, उजव्यात मुलं काय बोलतील. बाकीचे उजवीकडे 'विद्यार्थी उत्तरे देतील' एवढं खरडून मोकळे होतात. मी मुलांची बावीस उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहिली, हिरव्या शाईने. त्यात दोन चुकीची घातली, खरं वाटावं म्हणून. आता मुलं बोलणारच.

१४ फेब्रुवारी
घरी तालीम. ह्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि उजवा रकाना वेगळ्या कागदावर उतरवून त्यांच्या हातात दिला. चौतीस मिनिटं, अगदी घड्याळ लावून. हे विद्यार्थी म्हणून फार चांगले आहेत, नवरा म्हणून इतकं ऐकलं असतं तर. मात्र सतराव्या उत्तराला कागद खाली ठेवून म्हणाले, "अगं, वर गेलं की सूर्य जवळ येतो ना? मग वर थंडी का?" मी म्हटलं, हे टाचणात नाही. म्हणाले, पण मला खरंच माहीत नाही. निवृत्त माणसाला वेळ फार असतो. पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

२१ फेब्रुवारी
दोन्ही रकाने तोंडपाठ. पोनी म्हणाली, काकू, एकदा खऱ्या वर्गासमोर करून बघा ना. नको म्हटलं. पाठ शिळा होतो.
झोप लागत नाही. चहामुळे. चहा बंद.

२३ फेब्रुवारी
झोप चहामुळे उडाली नव्हती. चहा चालू.

२८ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
निळी साडी. सिस्टरचा खडू पर्समध्ये. ह्यांनी दारात विचारलं, तो उजव्या रकान्याचा कागद बरोबर घेतलास का? म्हटलं, कशाला, तो मुलांच्या तोंडून येणार आहे.

२८ फेब्रुवारी, दुपारी ३
लिहायलाच हवं.
बाहेरून आलेले परीक्षक मागच्या बाकावर, शेजारी मुख्याध्यापिकाबाई. पहिला प्रश्न विचारला. चाळीस चेहरे. कोणी बोलेना. चार सेकंद झाले असतील, नाहीतर चार वर्षं. मग कोणीतरी सुरेख, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. आवाज माझाच होता.
त्यानंतर थांबताच आलं नाही. प्रश्न मी, उत्तर मी. ती दोन चुकीची उत्तरंसुद्धा मीच दिली आणि स्वतःलाच म्हटलं, "नाही, नीट विचार कर." बावीस उत्तरं संपली तेव्हा घड्याळात तेरा मिनिटं झाली होती. बावीस मिनिटं उरली.
फळा पुसला. पुन्हा पुसला. तेव्हा खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, वर सूर्य जवळ असतो, मग वर थंडी का?"
मला येत होतं की. जमीन आधी तापते, हवा तिच्यामुळे तापते, म्हणून जमिनीपासून जितकं वर तितकं गार. सिस्टरनी मेणबत्तीजवळ हात धरून, मग तो दूर दूर नेऊन दाखवलं होतं. पण तोंडातून निघालं, हे टाचणात नाही. तिने हात खाली घेतला.
जाताना परीक्षक अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पाठ छान बसवला होता, बाई. पण वर्ग कुठे होता?"

४ मार्च
साठापैकी सत्तावीस. फक्त तीन कमी. परीक्षक भूगोलाचे नसावेत.

५ मार्च
भूगोलाचे होते.

९ मार्च
जागा पोनीला. पेढा नाही, काही नाही, सरळ घरी आली आणि पाया पडल्यासारखी वाकून माझं टाचण मागितलं. समोर बसून उतरवून घेतलं. फक्त डावा रकाना.
ती गेल्यावर ह्यांना मेणबत्ती धरून सांगितलं, वर थंडी का असते ते. ह्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. पाऊण तास गेला. घड्याळ लावायचं राहूनच गेलं.

११ मार्च, सकाळी ८
पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. नवी वही आणली. यावेळी उजवा रकाना पूर्ण कोरा ठेवायचा. मुलं जे बोलतील ते बोलतील. ठरलं.

सकाळी ८.२०
फक्त पहिलं उत्तर लिहून ठेवलंय. पेन्सिलने.