गंज न चढणारी शेगडी

अकोला,
रविवार, २४ नोव्हेंबर १९६३

प्रिय सिंधू,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आणखी एका शाळेनं तुला नाही म्हटलं, आणि कारण काय, तर 'उमेदवार हुशार आहे, पण फार प्रश्न विचारते.' तू लिहिलं आहेस, 'मैना, माझ्यातच काही खोट असेल.' रागावू नकोस, पण तो शेरा वाचून मी इतक्या मोठ्यानं हसले की आमच्या घरमालकीण पार्वताबाई हातात लाटणं घेऊनच दारात आल्या. 'काय झालं वं? नवरा सांगून आला का?' मी म्हटलं, त्याहून चांगलं पत्र आहे. का हसले ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. चहा घेऊन बस.

तुला होस्टेलमधला आपला पहिला दिवस आठवतो? तू पुण्याची, तुझे वडील नाना मोर्शीला हेडमास्तर झाले म्हणून नुकतीच अमरावतीच्या कॉलेजात आलेली. मी बाळापूरची, घरातली पहिलीच कॉलेजात पाऊल टाकणारी, तोंडातून 'मले' निघू नये म्हणून जिभेला गाठ मारून बसलेली. तरी खिचडी टाकायच्या घाईत बोलून गेलेच, 'तेवढा गंज दे ना.' तू सगळी खोली शोधलीस. मग खिडकीच्या गजावरून बोट फिरवून ते तांबडं बोट माझ्यापुढे धरलंस आणि म्हणालीस, 'इथे आहे थोडा. पण खिचडीत कशाला हवाय?' मी शरमेनं अर्धी झाले. तू मात्र हसली नाहीस. सरळ विचारलंस, 'तुमच्याकडे गंज म्हणजे काय?' आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, हे कळल्यावर तू ते पातेलं उचलून त्याला नमस्कार केलास. त्या दिवसापासून तुझे प्रश्न सुरू झाले, ते बी.एस्सी. होईपर्यंत थांबले नाहीत. मी तुझ्याकडून 'मला' आणि 'तुला' शिकले, आणि इतकी पक्की शिकले की त्यातूनच पुढचा सगळा घोटाळा झाला.

माझी नोकरी तुला माहीत आहे. भगवंतराव इथले जुने कारखानदार, जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरगुती शेगडी करायचं मनावर घेतलं. मला घेतलं ते पत्रव्यवहार सांभाळायला. पण दुहेरी पत्र्याची, कमी कोळशात जास्त आच देणारी, धूर न करणारी ती शेगडी पाहिली आणि मला माझी आई दिसली. तिचे डोळे वर्षाचे बारा महिने लाल असतात. मी भगवंतरावांना म्हटलं, ही शेगडी घरोघरी पोहोचवायचं काम मला द्या. ते म्हणाले, 'घ्या. पन दिवाळीपर्यंत खपली नाही तं शेगडीचं खातं बंद. मंग कोनी रडायचं नाही.' घरी बाबांनीही तीच मुदत घातली. बाबा जिनमध्ये कामाला. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं की मैना शिकेल. आता त्यांना माझ्यासाठी शाळेतली पक्की नोकरी हवी होती, आणि बाळापूरला जागाही निघाली होती. 'शेगड्या इकाले बी.एस्सी. झाली का वं तू?' असं विचारलं, आणि मग माझा चेहरा बघून, 'बरं, दिवाळीपर्यंत. मंग मास्तरीण,' एवढं म्हणाले. म्हणजे दिवाळी माझ्यासाठी फराळाची राहिलीच नव्हती.

सिंधू, काम हातात आलं आणि कळलं की माझं ऐकायला कोणीही बांधील नाही. शेगडीचा नकाशा दीक्षितसाहेबांचा. हेमचंद्र दीक्षित, पुण्याचे तरुण इंजिनिअर, बोलायला फार गोड. ती घडवणारे सूर्यभानभाऊ, कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. पैसा भगवंतरावांचा. माझ्याकडे फक्त टंकयंत्र. मी काही सुचवलं की सूर्यभानभाऊ म्हणत, 'ताई, तुमी टाइप करा, आमी ठोकून राहिलो.' मी आठवडाभर रुसून बसले. मग मला तुझी आठवण झाली आणि मी रुसण्याऐवजी प्रश्न विचारला. 'भाऊ, तुमच्या घरी आपली शेगडी कावून नाही?' ते गडबडले. 'माह्या बायकोले नाही आवडत.' 'का नाही आवडत?' 'तिलेच इचारा.' दुसऱ्या दिवशी मी खरंच त्यांच्या घरी जाऊन बसले. गंगूवहिनींनी शेगडी पेटवली, भाकर तव्यावर टाकली, उलटली, आणि मग ती निखाऱ्यापुढे उभी करायला गेल्या तर शेगडीचं तोंड एवढंसं! भाकर फुगणार कुठे? 'तुमच्या शेगडीत नुसता च्या करा अन् प्या,' असं म्हणून त्यांनी मला चुलीवरची भाकर वाढली. सूर्यभानभाऊ दारात उभे राहून सगळं ऐकत होते. मी कारखान्यात जाऊन एक शब्दही बोलले नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी शेगडीचं तोंड रुंद केलं, आणि 'ताई'ची 'मैनाताई' झाली.

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. शेगडीच्या खात्यातल्या प्रत्येकानं शेगडी घरी न्यायची, आणि सोमवारी काम सुरू करण्याआधी घरच्या बाईनं काय काय शिव्या दिल्या ते सगळ्यांपुढे सांगायचं. शिव्या जशाच्या तशा, गाळायच्या नाहीत. सोमवारी आमच्याकडे नाटकाच्या तंबूसारखं हसू उसळतं. दीक्षितसाहेब एकटे, खानावळीत जेवणारे. त्यांनी सांगायला काही नाही म्हणून स्वतःच भात शिजवायला घेतला आणि दर सोमवारी स्वतःलाच शिव्या देऊ लागले.

सगळ्यात अवघड काम मात्र 'नको' म्हणायचं होतं. भगवंतरावांना रोज नवीन काहीतरी सुचायचं. शेगडीला मागून पाण्याची टाकी लावा. खाली कप्पा करा, त्यात पापड वाळतील. एकदा तर म्हणाले, वर कंदील टांगायला दांडी लावा, म्हणजे एका वस्तूत सगळा संसार. मालकाला नको कसं म्हणायचं? मी म्हटलं, 'साहेब, दांडी लावू. पण ती लावली तर शेगडी उचलायला नवऱ्याला हाक मारावी लागेल.' त्यांनी शेगडी एका हातानं उचलून बघितली. मग म्हणाले, 'आमच्या घरी तं तो येनार नाही.' दांडी गेली, टाकी गेली, कप्पाही गेला. हलकी, रुंद तोंडाची, एवढीच शेगडी राहिली, आणि ती छान होती ग सिंधू. आम्हा सगळ्यांना ती आपल्या लेकीसारखी वाटू लागली होती.

आणि दसऱ्याच्या तोंडावर आम्ही तिचं नाक कापलं.

दीक्षितसाहेबांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो पत्र्यावरच्या जस्ताच्या मुलाम्याचा. पावसाळ्यात ओलीत ठेवा, पत्रा तसाच लख्ख. जाहिरातीचं वाक्य त्यांनीच लिहिलं. मी त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, भगवंतरावांनी मान डोलावली, सूर्यभानभाऊंनी तर टाळी दिली. दीक्षितसाहेब सोडले तर आम्ही सगळे वऱ्हाडी, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. छापलेली ओळ समोर आली की आपण ती शाळेत बसल्यासारखी वाचतो, घरात बसल्यासारखी नाही. टांग्यावर भोंगा लावून जाहिरात अकोला आणि बाळापूरभर फिरली. नंतरच्या दिवसांत दुकानात बायका यायच्या, शेगडीकडे बघायच्या, तोंडाला पदर लावायच्या आणि निघून जायच्या. एकही विकली गेली नाही. का, ते कळेना.

कळलं ते रविवारी, बाळापूरला, आमच्याच अंगणात. आई डाळ निवडत होती, बाबा बाजेवर बसले होते. रस्त्यावरून आमचा टांगा आला. मी ऐटीत म्हटलं, 'बाबा, ऐका, आमची जाहिरात!' भोंगा गरजला, 'घ्या हो घ्या, जिच्यावर कधीही गंज चढत नाही अशी एकमेव शेगडी!' आईचा हात डाळीतच थांबला. तिनं अगदी काळजीनं विचारलं, 'अवं मैना, गंज चढत नाही, तं मंग तुमी वरण कायच्यावर शिजवता वं?'

मी आईकडे बघितलं. बाबांकडे बघितलं. ते दुसरीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. टांगा परत आला, 'कधीही गंज चढत नाही!' आणि शेजारची माणिकबाई कुंपणावरून ओरडली, 'मंग काय तिच्यावर नुसते हात शेकायचे का बाप्पा?' मी जमिनीवर बसून हसले. हसता हसता रडले. दिवाळी तोंडावर आली होती, आणि आम्ही गावोगाव भोंगा लावून सांगत होतो की आमच्या शेगडीवर पातेलं ठेवता येत नाही! तेवढ्यात मला तुझं ते तांबडं बोट आठवलं. ही चूक छापण्याआधी ओळखू शकणारी साऱ्या वऱ्हाडात दोनच माणसं होती. एक मोर्शीत बसून शाळांना अर्ज करत होती, आणि दुसरीनं त्या ओळीचं ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं.

सोमवारी भगवंतराव तापलेलेच आले. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. 'हे वाक्य कोनाचं?' दीक्षितसाहेब उठून उभे राहिले. मी म्हटलं, 'साहेब, वाक्य आपल्या सगळ्यांचं आहे. आपण सगळ्यांनी ते वाचून पास केलं. आता दुरुस्तही सगळेच करू.' मग दीक्षितसाहेबांनी हळूच विचारलं, 'पण तुमच्याकडे गंजाला मग म्हणतात काय?' सूर्यभानभाऊ म्हणाले, 'जंग.' 'आणि पातेल्याला?' 'गंज.' दीक्षितसाहेब दोन्ही शब्द पुटपुटत राहिले. गंज, जंग, जंग, गंज. 'अहो, हा तर उलटा केला की तोच शब्द होतो!' सूर्यभानभाऊ म्हणाले, 'मंग तुमी पुन्याहून उलटेच आले साहेब!' आणि पहिल्यांदा हसले ते दीक्षितसाहेबच. मग सगळे. मी खडू घेतला आणि समोरच्या कोऱ्या पत्र्यावर लिहिलं:

जंग चढत नाही, गंज उतरत नाही!

आम्ही चूक लपवली नाही. तोच टांगा, तोच भोंगा, तीच गावं. आधी भोंगा सांगायचा, 'माय-बहिणींनो, आमची बोलायची चूक झाली,' आणि मग नवी ओळ. बाजारात शेगडी पेटवून तिच्यावर वरणाचा मोठा गंज चढवला आणि पळी हातात घेऊन दीक्षितसाहेब स्वतः बसले. बायका लांबूनच विचारायच्या, 'तेच का ते, गंज न चढनारी?' 'हाव बाई, तीच,' असं दीक्षितसाहेब आता आमच्या बोलीत म्हणू लागले होते. जी हसायला आली ती वरण चाखून गेली, आणि जाताना शेगडी घेऊन गेली. वसुबारसेला दुकानात एकही शेगडी उरली नव्हती आणि लोक कारखान्याच्या फाटकाशी येऊ लागले होते. लक्ष्मीपूजनाला भगवंतरावांनी शेगडीला हार घातला. भाऊबीजेला मी घरी गेले तर बाबा शेजाऱ्याला सांगत होते, 'ते गंजवाली शेगडी? माह्या पोरीची हाय ते.' शाळेला नकार कळवायचं पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहिलं. तिकीट त्यांनी चिकटवलं.

आता हे पत्र का, ते सांगते. काल भगवंतरावांनी शेगडीचं सगळं खातं माझ्या हाती दिलं आणि अमरावतीला आपलं केंद्र उघडायचं ठरवलं. घरोघरी जाऊन बसणारं, शिव्या ऐकून येणारं, आणि आम्ही काही लिहिलं की छापण्याआधी 'म्हणजे काय?' असं विचारणारं माणूस तिथे हवं आहे. मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, 'अनुभव काय त्या पोरीले?' मी म्हटलं, 'साहेब, तिला गंज म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तिनं विचारलं. आपल्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.' ते खूप हसले आणि म्हणाले, बोलवा. पुढच्या सोमवारी सकाळी इथे कारखान्यात, शिव्यांच्या वेळेलाच ये. आणि सिंधू, एक वस्तू आण. होस्टेल सोडताना आपला खिचडीचा गंज तू हट्टानं मोर्शीला नेलास. तो तुमच्या स्वयंपाकघरात गेला की मागच्या पडवीत राहिला, हे विचारायचं धैर्य मला झालं नव्हतं. कालच्या पत्रात तू सहज लिहून गेलीस की आईनं पाडव्याला त्यातच बासुंदी आटवली. त्या ओळीपाशी मी खूप वेळ थांबले होते. नव्या खेपेतली पहिली शेगडी मी अमरावतीसाठी बाजूला काढून ठेवली आहे. तिच्यावर अजून काहीच चढलेलं नाही. तुझी आणि त्या गंजाची वाट बघते आहे.

तुझीच,
मैना