खडकीच्या राउटरची धाप

३ मार्च, सोमवार
'आधी बघ कोण कशात गुंतलंय, मग एखाद्याला उठव.' माझे पहिले साहेब देवधर सर, त्यांचं वाक्य, मी नोकरीला लागले तेव्हाचं. आज दिवसभर डोक्यात.
खडकीच्या गोदामातला राउटर दुपारी पुन्हा धापा टाकायला लागला. शिरीष, आमचे नवे साहेब, वयाने माझ्याहून बरेच लहान, नेहमीसारखे म्हणाले, "मॅडम, रीस्टार्ट मारा." रोज जेवणाच्या सुमारास हेच. तेवढा वेळ खडकीत बिलं निघत नाहीत. औषधांचे टेम्पो दारात, ड्रायव्हर उन्हात. तिथल्या मोकाशीबाई फोनवर, "तुमचं यंत्र झोपलं की आमचं पित्त खवळतं."
रीस्टार्ट म्हणजे आत चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना एकदम उठवणं. काम कोण करतंय, नुसतं खातंय कोण, बघायचंच नाही.

४ मार्च
खराडीच्या ऑफिसात बसूनच खडकीच्या राउटरमध्ये लॉगिन. चालू प्रोसेसची, म्हणजे आत चाललेल्या कामांची, यादी काढली. काळ्या पडद्यावर एकेक नाव सरकतं, कोणावर किती भार ते दिसतं. अजून आवडतं मला हे. एकीचा संशय आला, नंबर टाकला, बंद केली. पडदा गप्प.
नंबर शेजारच्या ओळीतला. बंद केली ती लॉगिन सांभाळणारी प्रोसेस. ज्या दाराने आत गेले ते माझ्याच तोंडावर लावून घेतलं. राउटर चालू, मी तेवढी बाहेर. एकटीच हसले.
शि. म्हणाले, "प्लग काढायला सांगा ना." पण प्लग काढला की दमवणारा कोण ते कळणारच नाही. केबल पर्समध्ये टाकली आणि रिक्षा पकडली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
केबल थेट राउटरला जोडून बसले. मोकाशीबाईंनी स्टूल दिलं. "चहा घेणार का विचारत नाही, केलाय."
दुपार झाली, धाप लागली, आणि सापडली. बिलांशी संबंध नाही. ऑफिसमधल्या देखरेखीच्या आलेखासाठी आकडे देणारी प्रोसेस. दर थोड्या वेळाने वरून विचारणा, कसा आहेस, किती दमलास. दुपारी बिलांची गर्दी, त्यात ही उत्तरं देऊन देऊनच दमतोय बिचारा.
तेवढी एकच थांबवली. शांत झाला. लॉगिनचं दारही उघडून ठेवलं. दुपार रीस्टार्टशिवाय गेली, टेम्पो वेळेवर सुटले. मोकाशीबाई डबा घेऊन निवांत बसल्या. "आज जेवले. एरवी गिळते."
परतताना उगाच गुणगुणत होते.

५ मार्च
शि. सकाळीच टेबलाशी. "मॅडम, खडकीचा आलेख रिकामा कसा?"
आलेख त्यांचा. आल्या आल्या त्यांनीच सुरू केलेला. मी म्हटलं, तो आलेखच राउटरला दमवतोय.
"पण आलेख नसेल तर राउटर बरा आहे हे कळणार कसं?"
त्यांनी प्रोसेस पुन्हा चालू केली. दुपारी धाप. रीस्टार्ट. ड्रायव्हर उन्हात.

६ मार्च
नारायण पेठेत देवधर सरांकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेतील.
"त्याचं काय चुकलं? तोही बघतोच आहे की, कोण कशात गुंतलंय."
"फार बघतात, सर."
"मग तो कशात गुंतलाय ते तू बघितलंस?"
नव्हतं बघितलं.

७ मार्च
आज बघितलं. दहाच्या मीटिंगमध्ये वरचे लोक शि.ना एकेक आलेख दाखवायला लावतात. जरा कुठे रेघ तुटली की, "इथे काय झालं?" शि. उभे राहून उत्तर देतात. कपाळाला घाम. खडकीतल्या ड्रायव्हरसारखाच.
राग गेला. अडचण तशीच.
ते नाहीच म्हणणार, माहीत आहे. तरी घरी निघण्यापूर्वी मेल टाकली.

शिरीष,
खडकीची मोजणी रोज फक्त दुपारपुरती थांबवू या का? आलेखात तेवढी जागा रिकामी दिसेल. मीटिंगमध्ये विचारलं तर माझं नाव सांगा. मी उभी राहीन.